ड्राइव्हवरील मोटरचे निदान करून देणारी सेवा: काम चोख, अहवाल अपुरा

व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्हवर (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) चालणारी आमच्या पंपाची मोटर रिवाइंडिंगनंतर (आतील तारेचे वेढे नव्याने भरल्यानंतर) काही महिन्यांतच पुन्हा बंद पडली, तेव्हा ती उचलून पुन्हा वर्कशॉपमध्ये धाडण्याऐवजी आम्ही जागेवर येऊन दोष शोधून देणारी सेवा घेतली. मोटर का गेली हे न पाहता नुसती तार बदलून देणारे पुष्कळ आहेत. ही मंडळी त्यांतली नव्हेत.

तंत्रज्ञाने प्रथम ड्राइव्हमधील फॉल्टची नोंद वाचली. मोटर सुरू होताच ओव्हरकरंटवर, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त करंटमुळे, ट्रिप होत होती. त्यानंतर मेन स्विच बंद करून, आतील कपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत थांबून आणि डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतील डीसी पुरवठ्यावर) व्होल्टेज उरले नाही हे मीटरने पाहूनच त्याने मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवली. मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावण्याआधी ही केबल सोडवणे अनिवार्य आहे, कारण मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या आउटपुटवर गेले तर धडधाकट आयजीबीटीही (ड्राइव्हमधील वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) निकामी होऊ शकतात. घाईत नेमके हेच विसरले जाते.

मेगरचे रीडिंग उत्तम आले. आमच्या माणसांनी तेवढ्यावर मोटरला निर्दोष ठरवून ड्राइव्हवर खापर फोडले असते. परंतु मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांमधील इन्सुलेशन तपासतो, एकाच कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झाले असतील तर ते त्याला कळत नाही. तंत्रज्ञाने मिलिओहम मीटरने तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजला, त्यात एक फेज उरलेल्या दोन फेजपेक्षा कमी भरला, आणि सर्ज टेस्टमध्ये (वाइंडिंगवर उच्च व्होल्टेजचे क्षणिक पल्स देऊन घेतलेल्या चाचणीत) त्याच फेजची लहर वेगळी दिसल्यावर शंका उरली नाही. मोटरविना ड्राइव्ह चालवून तिन्ही आउटपुट व्होल्टेज समान येतात हेही त्याने दाखवले, आणि त्यासाठी लो-पास फिल्टर असलेला, म्हणजे स्विचिंगचे वेगवान पल्स गाळणारा, मीटर वापरला. साधा मीटर अशा आउटपुटवर भलतेच आकडे दाखवू शकतो.

मोटर उघडल्यावर जे दिसले ते या भेटीतले सर्वांत मोलाचे होते. एका फेजच्या लीडजवळच्या कॉइलमध्ये, पहिल्या काही वेढ्यांवर, नखाएवढा काळा डाग होता आणि बाकीचे वाइंडिंग स्वच्छ होते. ओव्हरलोडमुळे मोटर गेली असती तर तिन्ही फेज सारखेच करपले असते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हची डीसी बस सुमारे ५८५ व्होल्टवर असते. आयजीबीटीच्या स्विचिंगमुळे अत्यंत वेगाने चढणारे पल्स लांब केबलच्या टोकाला मोटरवर आदळून परततात, आणि टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उभे राहू शकते. त्याचा सर्वाधिक ताण पहिल्या वेढ्यांवर येतो. तितक्याच लांब केबलवर चालणाऱ्या शेजारच्या पंपाच्या टर्मिनलवर ऑसिलोस्कोप लावून त्याने हजार व्होल्टच्या वर जाणारे सुळके प्रत्यक्ष दाखवले. नेमा या अमेरिकी संस्थेच्या एमजी १ या मोटर मानकाच्या भाग ३१ नुसार इन्व्हर्टर-ड्यूटी (ड्राइव्हवर चालवण्यासाठी बनवलेल्या) मोटरने रेटेड व्होल्टेजच्या सुमारे ३.१ पट शिखर आणि ०.१ मायक्रोसेकंदाचा चढ सोसणे अपेक्षित असते. आमची मोटर त्या वर्गातली नव्हती, आणि रिवाइंडिंगही साध्याच तारेने झाले होते.

उपाय म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजचा चढ सौम्य करणारा) बसवला, कॅरियर फ्रीक्वेन्सी (आयजीबीटीच्या स्विचिंगचा वेग) कमी केली आणि नवे वाइंडिंग सर्ज सोसणाऱ्या तारेने करवून घेतले. कॅरियर उतरवल्याने मोटरची किणकिण वाढली आहे, ती सोसावी लागते. बेअरिंगच्या बाहेरील रेसवर (कड्यावर) धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे उमटलेले होते. शाफ्टमधून बेअरिंगवाटे जाणाऱ्या करंटची ती खूण असल्याने बेअरिंग बदलून हा करंट अर्थिंगकडे वळवणारी शाफ्ट ग्राउंडिंग रिंगही लावली. केबलच्या अर्थिंगचे काम नीटनेटके झाले.

तक्रार आहे ती अहवालाबद्दल. तो जेमतेम अर्ध्या पानाचा होता, ऑसिलोस्कोपवरची लहर त्यात नव्हती, आणि मेगरचे रीडिंग घेताना वाइंडिंगचे तापमान किती होते हे लिहिलेले नव्हते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, त्यामुळे तापमानाविना नोंदवलेला आकडा पुढच्या वर्षी तुलनेला निरुपयोगी ठरतो. कमी वेगात शाफ्टवरचा पंखा पुरेशी हवा देत नाही, याचीही चौकशी झाली नाही. पंपाचा भार वेगासोबत झपाट्याने उतरतो म्हणून आमचे निभावते. कन्व्हेअर असता तर वेगळा ब्लोअर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हते. टर्मिनल बॉक्समध्ये थर्मिस्टरच्या (वाइंडिंगचे तापमान ओळखणाऱ्या सेन्सरच्या) वायरी न जोडता लोंबत होत्या, त्या आमच्याच इलेक्ट्रिशियनने नंतर ड्राइव्हला जोडल्या.

सुधारित अहवाल मागितल्यावर तो विनातक्रार मिळाला. त्यात लहरीचे चित्र आणि तापमान दोन्ही आहेत, थर्मिस्टरचा उल्लेख मात्र अजूनही नाही.