बर्डीत छापून घेतलेलं ऑस्ट्रेलियाचं झुरळ

आठवीच्या वर्गासाठी ऑस्ट्रेलियातल्या बिळं खणणाऱ्या महाकाय झुरळाचं मॉडेल हवं होतं. बाजारात तयार काही मिळेना, म्हणून नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून करून घेतलं.

पहिला नमुना मी परत दिला. घरातल्या झुरळाचीच फाईल मोठी करून छापली होती. पाठीवर पंख, पाय लांब नि बारीक. या झुरळाला पंख नसतातच! उत्तर क्वीन्सलंडमध्ये ते जमिनीखाली राहतं, बीळ मीटरभर खोल जाऊ शकतं. माती उकरायची तर पाय जाड आणि काटेरीच हवेत. दुकानातल्या भाऊंनी वाद घातला नाही. फोटो मागितले, माझ्यासमोर स्क्रीनवर पंख काढले, पोटाच्या पट्ट्या एकेक करून बसवल्या, नराच्या डोक्यावरची ढाल पुढून फावड्यासारखी खोलगट केली. मादीची ढाल तितकी खोलगट नसते, हे तर त्यांनीच फोटोवरून हेरलं.

वजनाबद्दल माझा हट्ट होता. हे जगातलं सर्वांत वजनदार झुरळ, लांबी 8 सेंटिमीटरपर्यंत, वजन 30 ग्रॅमच्या वर. हातात घेतल्यावर ते जाणवायलाच हवं. आतला भराव वाढवून त्यांनी मॉडेल 32 ग्रॅमवर आणलं आणि काट्यावर ठेवून दाखवलं.

सगळ्यात देखणा झालाय बिळाचा तळ. मधे आई, भोवती पिल्लं, त्यातलं एक नुकतीच कात टाकलेलं, पांढरंफटक. निलगिरीची वाळकी पानं मी खरीच चिकटवली, कारण यांचं अन्न तेच. ही मादी थेट पिल्लांना जन्म देते, एका खेपेला 30 पर्यंत. रात्री वर येऊन पानं बिळात ओढून नेते, आणि पिल्लं कित्येक महिने तिच्याजवळच राहतात. झुरळ दिसलं की चप्पल उचलणारी पोट्टी इथे गप्प उभी राहतात. ते दहा वर्षं जगू शकतं म्हटल्यावर तर विश्वासच बसत नाही त्यांचा.

पायांवरचे काटे मात्र बोथट आलेत. रेझिनमध्ये, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवात, छापले असते तर टोकदार निघाले असते, पण खर्च बराच वाढत होता. आणि मॉडेल ज्यात छापलंय ते पीएलए प्लॅस्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं, तेव्हा आपल्या मे महिन्यात बंद गाडीत अजिबात ठेवू नका. करून घ्यायचं असेल तर वरून, खालून आणि बाजूने काढलेले फोटो सोबत न्या, आणि छपाईआधी फाईल समोर बसून तपासा.