जादू शिकायला बायसिकलचा कॅट, दाखवायला घरातला

पत्त्यांची जादू शिकायची म्हणून मी 'बायसिकल रायडर बॅक' हा अमेरिकी कॅट ऑनलाइन मागवला. साडेचारशेच्या आसपास पडला. लातूरच्या गंजगोलाईत पन्नास-साठ रुपयांत प्लास्टिकचा बरा कॅट मिळतो, मग एवढे पैसे कशाला, असं शाळेतल्या मॅडम मंडळींनी विचारलं. त्यांना मधल्या सुट्टीत पूर्ण सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. माझं मत आधीच सांगते. हाताच्या कसबाची जादू शिकायची असेल तर हा कॅट घ्याच. नुसती आकड्यांची जादू करायची असेल तर घरातला पुरतो.

आकड्यांची म्हणजे कोणती? २१ पानांची सगळ्यांना माहीत असते. सात-सात पानांच्या तीन रांगा मांडायच्या, समोरच्यानं मनात एक पान धरायचं आणि फक्त रांग सांगायची. ती रांग दोन रांगांच्या मधे ठेवून पानं गोळा करायची, परत प्रत्येक रांगेत आळीपाळीनं एकेक पान टाकत मांडायची. असं तीनदा केलं की त्याचं पान वरून ११ वं येतं. पहिल्या गोळा करण्यात ते ८ ते १४ मधे येतं, दुसऱ्यात १० ते १२ मधे, तिसऱ्यात ११ वर. पाचवीच्या पोरांना मी हे फळ्यावर मांडून दाखवते आणि त्या दिवशी गणिताचा तास संपूच नये असं त्यांना वाटतं. यासाठी कॅट कोणताही चालतो, मळका असला तरी.

खरी गरज पुढं लागते. दोन पानं एकच असल्यासारखी उचलायची, पंखा उघडायचा, हवं ते पान खाली दाबून ठेवून वरची पानं पिसायची, हे सगळं पान बोटांना कसं लागतं त्यावर आहे. बायसिकलचं पान कागदाचं आहे आणि त्यावर बारीक बारीक खळगे उमटवलेले आहेत. कंपनी त्याला 'एअर कुशन फिनिश' म्हणते. खळग्यांत हवा राहते, त्यामुळं पानं एकमेकांवरून सारखी सरकतात. पंखा उघडला की प्रत्येक पानाची कड सारख्या अंतरावर येते. माझ्याकडच्या प्लास्टिकच्या कॅटात तीन पानं एका जागी आणि मधेच मोठी फट, असं व्हायचं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. हाताला घाम आला की प्लास्टिकची दोन-तीन पानं एकमेकांना धरून बसतात. मग दोन उचलायची तिथं चार येतात आणि जादू तिथंच संपते. कागद घाम थोडा तरी पिऊन घेतो.

पाठीकडची नक्षीही कामाची आहे. सायकलवर बसलेली पंखवाली देवदूतं, आणि पान उलटसुलट फिरवलं तरी नक्षी तशीच. पण महत्त्वाची आहे ती कडेची पांढरी पट्टी. कॅटात मधेच एक पान सुलटं घालून ठेवलं आणि बाकीची जरा पसरली तरी त्याची पांढरी कड बाकीच्या पांढऱ्या कडांत मिसळून जाते. नक्षी पार कडेपर्यंत भिडलेली असेल तर ते पान लगेच दिसतं. दुकानात पत्ते बघताना मी आता आधी पाठ बघते. बायसिकल हा छाप १८८५ पासूनचा, सिनसिनाटी शहरातला. आता कारखाना केंटकी राज्यात आहे आणि २०१९ पासून मालकी बेल्जियमच्या कंपनीकडं आहे.

रुंदीचं मात्र बायकांनी आणि लहान पोरांनी लक्षात घ्यावं. हे पान ६३ मिलिमीटर रुंद असतं. माझा हात लहान आहे, त्यामुळं कॅट डाव्या तळव्यात नीट बसायला वेळ लागला. चार बोटं एका बाजूला न लावता तर्जनी पुढच्या कडेला टेकवली तेव्हा पकड जमली. ५७ मिलिमीटरचे, ब्रिजच्या मापाचे कॅटही मिळतात. दहा-बारा वर्षांच्या लेकराला द्यायचा असेल तर तोच बघा.

आता दाखवण्याबद्दल. परदेशी छापाची कोरी पेटी खिशातून काढली की माणसं जादू बघत नाहीत, पेटीत काय आहे ते शोधत बसतात. घरातला, मेंढीकोटाला वापरलेला, कोपरे झिजलेला कॅट मागून घेतला की कुणाच्या मनात शंका राहत नाही. शिवाय आपल्याकडं सगळे पिसतात ती पद्धत, म्हणजे कॅट एका हातात धरून दुसऱ्या हातानं वरून थोडी थोडी पानं ओढून घेत जायचं, ही जादूला फारच सोयीची आहे. जादूगार तिला 'हिंदू शफल' म्हणतात. पिसता पिसता समोरच्याला हवं तिथं थांबवायला सांगायचं आणि तरी आपल्याला हवं तेच पान त्याच्या वाट्याला यावं, हे या पद्धतीत बसतं. कसं, ते लिहीत नाही. ज्याला शिकायचंय तो शोधेलच आणि ज्याला फक्त बघायचंय त्याचा आनंद मला घालवायचा नाही.

येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला आमच्याकडं शेतात पूजा आणि जेवण असतं, तेव्हा हे करून बघितलं. कडब्याच्या कोपीतली पूजा झालेली, भज्जी, उंडे, आंबिलीची जेवणं व्हायची होती, दीर-जावा, नणंदेची पोरं, शेजारच्या शेतातली माणसं असा सगळा गोतावळा. मी जेवणाआधीच उरकलं, कारण भज्जीच्या हातानं कागदाचं पान धरलं की त्यावरचा डाग कधीच निघत नाही, आणि मग ते पान पाठीवरून ओळखू येतं. बायसिकल घरीच ठेवला होता. शेतात वारा असतो, घोंगडीवर मांडलेली पानं उडतात, त्यामुळं उभ्यानं, हातातल्या हातात होतील अशाच दोन जादू दाखवल्या.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, पत्ते मुळीच आवडत नाहीत. त्यांच्या माहेरी पत्त्यापायी जमीन गेलेली आहे. "लेकरासमोर पत्त्याला हात लावू नको गं," असं त्या मला कायम सांगायच्या आणि त्यांचं म्हणणं मी कधी उडवून लावलं नाही. त्या दिवशी मी कॅट त्यांच्याच हातात दिला, त्यांनीच पिसला, त्यांनीच बदामाची राणी काढून परत घातली. मी राणी काढून दिल्यावर त्या म्हणाल्या, "तू तर बघितलंच न्हाईस की गं! कसं काय कळलं?" आणि मग नातवाला हाक मारून, "ये इकडं, तुझ्या आईला परत करायला लाव." मी तीच जादू परत केली नाही, दुसरी केली. एकच जादू दुसऱ्यांदा बघताना डोळे नेमके हातावर जातात.

घेताना एवढं बघा. या छापाच्या नकला बाजारात फिरतात. पान गुळगुळीत, चकचकीत लागलं आणि तिरकं धरून उजेडात खळगे दिसले नाहीत तर परत करा. वापर झाला की पेटीत घट्ट बंद करून ठेवा, उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवलेली कागदी पानं वाकतात. लाल आणि निळा दोन्ही रंग मिळतात. जमत असेल तर दोन्ही घ्या, कारण पाठीचा रंग बदलण्याच्या जादूला एकाच नक्षीचे दोन रंग लागतात आणि तो प्रकार पोरांना सगळ्यात जास्त आवडतो.