म्हापशातील प्रवाळांचे दुकान: ओळखीला पूर्ण गुण, मांडणीला निम्मे

म्हापशाच्या बाजारपेठेपासून थोडे आत असलेल्या या दुकानाच्या दर्शनी भागात गोड्या पाण्यातील माशांचाच व्यवहार चालतो. खाऱ्या पाण्याच्या टाक्या मागच्या खोलीत आहेत आणि पाटीवर प्रवाळांचा उल्लेखही नाही. मला घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी नेहमीच्या लेदर कोरलपेक्षा, म्हणजे चामड्यासारख्या मऊ प्रवाळापेक्षा, वेगळे काही हवे होते. मात्र विक्रेता ज्याची ओळख ठामपणे पटवू शकत नाही, ते प्रवाळ घ्यायचे नाही, असे ठरवूनच मी तेथे गेलो होतो.

हा आग्रह केवळ हौसेपोटी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप कोरल यांना संरक्षण आहे. त्यामुळे परदेशी रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या टाकीत) मिरवणारे हॅमर, टॉर्च किंवा अ‍ॅक्रोपोरा यांसारखे कठीण प्रवाळ येथे कोणी विकायला काढले, तर ते कितीही देखणे असले तरी घेता येत नाही. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या परिसरात पाण्याखाली दिसणारा तुकडा उचलून आणण्याचा तर प्रश्नच नाही.

दुकानदाराचे ज्ञान खरे किती, हे ग्रीन स्टार पॉलिप या मऊ प्रवाळावरून समजले. या प्रवाळाच्या आणि ऑर्गन पाइप कोरलच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतील एकेका जीवाला, पिसांसारखी आठ शुंडके असतात, आणि पॉलिप पूर्ण उमललेले असताना दोन्हींत नवख्या माणसाची सहज गल्लत होते. त्यांनी फ्रॅगची (कापून वाढवलेल्या तुकड्याची) कड चिमट्याने उचलून खालचा जांभळा, रबरासारखा थर दाखवला. ऑर्गन पाइपला तेथे लाल, कठीण नळ्यांचा सांगाडा असतो. पॅलिथोआ व झोअँथस या सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारांपैकी पॅलिथोआ आपल्या ऊतींत वाळूचे कण सामावून घेते आणि झोअँथस घेत नाही, हा फरकही त्यांनी दोन फ्रॅग शेजारी ठेवून समजावला. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकते, म्हणून ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये, ही ताकीद न विचारता मिळाली. अशी ताकीद देणारे विक्रेते मला फारसे भेटलेले नाहीत.

माल मात्र मोजकाच आहे: झोअँथस, रोडॅक्टिस, डिस्कोसोमा, झेनिया आणि काही लेदर, सगळे त्यांच्याच टाकीतील मूळ वसाहती कापून सिरॅमिकच्या चकत्यांवर वाढवलेले. चिठ्ठीवर फक्त वंशाचे नाव असते. झोअँथसच्या रंगरूपावरून ठेवलेली भपकेबाज व्यापारी नावे येथे दिसत नाहीत, आणि ते मला योग्य वाटते. प्रकाश बदलला की पॉलिपचा रंग बदलतो, मग त्या नावाचे पैसे कशासाठी मोजायचे?

खटकणारी गोष्ट म्हणजे प्रकाशयोजना. सर्व टाक्यांवर गडद निळे दिवे आहेत, त्यामुळे साधा तपकिरी फ्रॅगही चमकतो. पांढरा दिवा लावायला सांगितल्यावर तो लावतात, पण सांगावे लागते. त्या पांढऱ्या उजेडातच मला एका चकतीच्या बुडाशी एप्टेशिया, म्हणजे उपद्रवी समुद्रफूल, दिसला. तो टाकीत पसरला की आवरणे कठीण होते, म्हणून फ्रॅग बदलून मागितला आणि कुरकुर न करता मिळाला. तरीही घरी आणल्यावर डिप करून (कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून) काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे भाग आहे.

भाव पॉलिपच्या संख्येवर ठरतो आणि पावतीवर वंशाचे नाव लिहून मिळते. पाण्याची क्षारता व तापमान विचारले असता १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) आणि २६ अंश सेल्सिअस असे सांगून त्यांनी क्षारता मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटरही हातात दिला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचे पाणी गोडसर होते, तरीही मिरामारहून पाणी आणून टाकी भरणारे काही जण आहेत. अशा गिऱ्हाइकाला ते आधी आरओ (गाळून शुद्ध केलेले) पाणी व टाकीसाठीचे समुद्री मीठ घ्यायला लावतात आणि क्षारता स्थिर होईपर्यंत प्रवाळ देत नाहीत.