पोर्झिंगिस, चौथा ओनर: दोन वर्षं चालवून पाहिल्यावर

जुन्या गाड्या घेणं-विकणं हा माझा धंदा, नागपुरात, बावीस वर्षांपासून. त्यामुळे अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सने जून २०२३ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीत क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला उचलल्याची बातमी वाचली तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न आला तो धंद्याचाच. कितवा ओनर? तर चौथा. आधी न्यूयॉर्क निक्स, मग डॅलस मॅव्हरिक्स, मग वॉशिंग्टन विझर्ड्स, आता हे. सात फुटांहून उंच लॅटव्हियन गडी, वय फक्त सत्तावीस, पण गॅरेजच्या फेऱ्या विचारू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा मुख्य बंध, गेलं, त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ कोर्टवर नाही. २०२० मध्ये उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे आतली गादी. अशी गाडी माझ्या दारात आली असती तर मी आधी वाकून चेसिस पाहिली असती आणि चहा नंतर मागवला असता.

बदल्यात गेला मार्कस स्मार्ट. नऊ सीझन बोस्टनमध्ये, २०२२ चा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू, सुटलेल्या चेंडूसाठी फरशीवर अंग टाकणारा. माझा भाचा त्या दिवशी नीट जेवला नाही. ‘मामा, यांनी घरातला माणूस विकून भंगार आणलं,’ म्हणाला. मी काही बोललो नाही, कारण तेव्हा मलाही साधारण तसंच वाटत होतं.

या सौद्यातली एक गंमत मात्र मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. आधी ठरला होता तो व्यवहार वेगळाच होता: बोस्टनचाच माल्कम ब्रॉग्डन लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जाणार आणि पोर्झिंगिस बोस्टनला येणार. क्लिपर्सने ब्रॉग्डनचे मेडिकलचे कागद पाहिले आणि हात मागे घेतला. म्हणजे दुसऱ्याचा दुखरा माणूस आणायला निघाले, तर यांचाच दुखरा माणूस तपासणीत नापास. मग धावपळीत मेम्फिस ग्रिझलीजना गाठलं आणि ब्रॉग्डनच्या जागी स्मार्टचा बळी गेला. घाईत केलेला सौदा बहुधा घेणाऱ्याच्या अंगाशी येतो. इथे बोस्टनचे सौदे ठरवणाऱ्या ब्रॅड स्टीव्हन्सने घाईतही पोर्झिंगिससोबत पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, पदरात पाडून घेतले. त्यातला एक गोल्डन स्टेट या संघाचा २०२४ चा पिक. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चालवून कशी वाटली ते सांगतो.

पहिल्या सीझनला ८२ पैकी ५७ सामने खेळला, सरासरी वीस गुण. बोस्टनने ६४ जिंकले, त्यात घरच्या कोर्टवर ३७, आणि तिथे हरले फक्त चार. आकडे कुठेही मिळतील, पण फरक कोर्टवर बघण्यात होता. एवढा उंच माणूस तीन गुणांच्या रेषेच्याही मागे उभा राहून बॉल टाकतो, म्हणून समोरच्या संघाच्या धिप्पाड सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ पहारा देणाऱ्याला, तिथली सावली सोडून बाहेर उन्हात यावं लागतं. बोस्टनचे मुख्य खेळाडू टेटम आणि ब्राउन यांना आत शिरायला रस्ता मोकळा. बरं, सेंटरऐवजी कुणी चपळ, बुटका खेळाडू अंगावर सोडला तर हा फ्री थ्रो लाइनच्या आसपास पाठ लावून बॉल घेणार, वळणार आणि त्याच्या डोक्यावरून टाकणार. बचाव करणाऱ्याचा हात वर असतो, अगदी नियमाप्रमाणे वर असतो, पण बॉल त्याच्या बोटांच्या हातभर वरून जातो. मी कॉलेजात सिमेंटच्या कोर्टवर पाच फूट सहा इंचांचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, होतो. त्या हाताचं दुःख मला कळतं.

मग २९ एप्रिल २०२४, मायामी, प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, पहिल्या फेरीचा चौथा सामना. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही, आणि उजवी पोटरी गेली. भाच्याचा फोन आला नाही. नुसतं ‘सांगितलं होतं’ असा मेसेज आला, तोही इंग्रजी स्पेलिंगमध्ये.

पुढचे दहा सामने बोस्टन त्याच्याशिवाय खेळलं आणि नऊ जिंकलं. फायनलमध्येही दोन सामने तो बाहेर होता. हिशोब मांडला तर त्या प्लेऑफमध्ये त्याच्याविना बारा सामने झाले आणि त्यातले दहा खिशात आले. इथेच भाच्याचा मुद्दा जोरात येतो: ‘मामा, नसतानाच जर एवढं जिंकतात, तर घेतला कशाला?’

मुद्दा चुकीचा नाही, अर्धवट आहे. दुखरा माणूस घ्यायचा तर डिकीत स्टेपनी पाहिजे, आणि ती हवा भरलेली पाहिजे. बोस्टनकडे अल हॉरफर्ड होता. अडतिसाव्या वर्षी तो माणूस सेंटरची जागा धरून उभा राहिला. पण सीझनभर पोर्झिंगिसने मिनिटं ओढली नसती तर जूनपर्यंत त्या स्टेपनीची नळी बाहेर आली असती. कितीतरी संघ महागडं चाक घेतात आणि स्टेपनी भंगारात काढतात.

आणि ७ जूनची ती सकाळ. आपल्याकडे सहा वाजले होते, कुलर घरघरत होता, पाऊस अजून कुठेच नव्हता. फायनलचा पहिला सामना, समोर डॅलस, म्हणजे याचाच जुना मालक. महिनाभराहून जास्त सुट्टीनंतर हा बेंचवरून उतरला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये अकरा गुण आणि दोन ब्लॉक. क्वार्टर संपला तेव्हा ३७-२०. एकूण २१ मिनिटांत वीस गुण करून गेला. मॅव्हरिक्सने काय योजना आखली होती देव जाणे, ती चहा गार व्हायच्या आत संपली. बायको उठून आली, म्हणाली, ‘एवढ्या सकाळी टाळ्या कुणासाठी?’

दुसऱ्या सामन्यात पुन्हा मोडला. या वेळी डाव्या पायातला स्नायुबंध जागेवरून सरकला. तिसरा नाही, चौथा नाही, पाचव्यात तसाच लंगडत सोळा मिनिटं. १७ जूनच्या रात्री बोस्टनने अठराव्यांदा चषक उचलला आणि दहा दिवसांनी हा ऑपरेशन टेबलवर.

माझ्याकडे एकदा एक डिझेल गाडी आली होती, चार मालकांची, टर्बो जाणार हे आवाजावरूनच कळत होतं. कंपनीचं नाव घेत नाही. लग्नसराईच्या तोंडावर घेतली, तीन महिने भाड्याने फिरवली, पैसे वसूल झाले. चौथ्या महिन्यात वर्धा रोडवर धूर सोडून उभी राहिली. रिकव्हरी व्हॅनमागे ती ओढत आणताना मला वाईट वाटलं, पण तोटा झाला नव्हता. पोर्झिंगिसचं दुसरं वर्ष म्हणजे तो वर्धा रोड. नोव्हेंबर संपत आल्यावर परतला, एकूण ४२ सामने, आणि मे २०२५ मध्ये निक्सविरुद्धच्या मालिकेत आजारपणाने अंगात त्राणच नव्हतं. पहिल्या सामन्यात दुसऱ्या हाफला आलाच नाही. बोस्टन ४-२ ने हरलं. अर्थात त्याच मालिकेत टेटमची अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटली, सगळं खापर एकट्यावर फोडता येणार नाही. त्या उन्हाळ्यात त्याला अटलांटाला दिलं, हाती आलं काय तर जॉर्ज नियांग आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक. रिसेल व्हॅल्यू शून्याच्या जवळपास.

आता तो गोल्डन स्टेटचा पिक. १ ऑक्टोबर २०२३ ला पोर्टलंडकडून जरू हॉलिडे आणला, त्याच्या किमतीत ब्रॉग्डन आणि रॉबर्ट विल्यम्ससोबत हा पिकही होता. म्हणजे स्मार्ट गेला तो एका उंच माणसासाठी, आणि वर मिळालेल्या सुट्ट्या पैशांतून स्मार्टच्याच जागेवर खेळणारा, त्याच्याइतकाच चिवट आणि बॉल जास्त शहाणपणाने टाकणारा गार्ड आला. हा भाग लोक विसरतात. माझ्या मते सौद्याचा खरा नफा अर्धा इथे आहे. आणि ज्या स्मार्टला सगळे टिकाऊ समजत होते तो मेम्फिसला पहिल्या सीझनमध्ये वीसच सामने खेळू शकला. शरीराची वॉरंटी कुणालाच नसते, फक्त काहींचे कागद आधीच पिवळे पडलेले असतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दुसऱ्या वर्षाचा आणि त्या रिसेलचा. भाच्याचे दोन.

परवा तो दुकानात आला, अंगात स्मार्टचा ३६ नंबरचा जर्सी, कॉलेजला जायला स्कूटर हवी. पस्तीस हजारात एक छान तुकतुकीत दाखवली. तो आधी खाली वाकला, मग किक मारून आवाज ऐकला, मग आरसी मागितली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

‘मामा, हे तिसरं नाव कुणाचं?’