जुन्या मॉडिफाय केलेल्या जिप्सीचं चार्जिंग: अल्टरनेटर भरून घ्यायचा, मोठा बसवायचा, की आधी वायरिंग?

पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), छतावर लाइट बार, सीटखाली अँप्लिफायर. पावसाळी रात्री घाटात वायपर आणि ब्लोअर लावला की हेडलाइट पिवळे पडतात आणि सकाळी सेल मारला की नुसती टकटक. अशी मारुती जिप्सी गॅरेजला नेली की सहसा तीन सल्ले मिळतात: अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) भरून घ्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्या, मोठ्या गाडीचा बसवा, नाहीतर बॅटरी बदला. अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी जोडणी) आणि वायरिंग तपासा, असं क्वचितच कुणी म्हणतं. माझ्या मते मॉडिफाय केलेल्या जुन्या गाडीत सुरुवात तिथूनच करावी.

मला हे पैसे घालवून कळलं. माझ्या जिप्सीचा अल्टरनेटर भरून आणला, बॅटरीही नवी टाकली, तरी आंबा घाटात रात्री लाइट मंदावलेच. शेवटी सगळे लाइट, वायपर आणि ब्लोअर चालू ठेवून, इंजिन साधारण २००० आरपीएमवर धरून मल्टीमीटर लावला. अल्टरनेटरच्या जाड वायरचं टर्मिनल आणि अल्टरनेटरचीच बॉडी यांच्यामध्ये १४.२ व्होल्ट, बॅटरीच्या दोन टोकांवर मात्र १३.१. मधले १.१ व्होल्ट वाटेत जिरत होते. एक पिन अल्टरनेटरच्या टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवली, तर फरक ०.२. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह मोजलं तर ०.९. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये होता. चासीला रंग मारला तेव्हा इंजिनची अर्थपट्टी ताज्या रंगावरच आवळली गेली होती. करंट परत जायला दुसऱ्या वाटा शोधत होता, त्यामुळे अॅक्सिलरेटरच्या केबलचं आवरण हाताला गरम लागत होतं. पट्टीखालचा रंग इमरी पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नवी जाड पट्टी लावली, वरून ग्रीस लावलं. फरक ०.१ वर आला. ज्या अल्टरनेटरवर मी खर्च केला, त्यात बहुधा काहीच बिघडलं नव्हतं.

वायरिंगच्या वाटेचा मोठा फायदा म्हणजे खर्च थोडा आणि तपासणी घरी होते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही बाजूंचा फरक लोडवर प्रत्येकी ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर लग (वायरच्या टोकाचं धातूचं टर्मिनल), क्रिम्प (ते वायरवर दाबून बसवलेली जागा), बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी, इंजिन ते चासी आणि बॅटरी ते बॉडी या पट्ट्या एकेक करून पाहा. वायरची जाडी तर हमखास पाहा. ४ चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर तांब्याच्या वायरमधून ६० अँपिअर वाहिले की जवळजवळ ०.४ व्होल्ट तिच्यातच जातात. १६ चौरस मिलिमीटरला हेच ०.१ होतात. हेडलाइट थेट स्विचवरून चालत असतील तर रिले (लाइटचा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा विजेवर चालणारा स्विच) लावा. त्याने उजेडात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

वायरिंग ठीक निघालं आणि अल्टरनेटरच्या टर्मिनलवरच, थोड्या लोडवर, १३ व्होल्टच्या खाली आकडा दिसला, तर भरून घेण्याचा विचार करा. त्याआधी दोन गोष्टी बघा. बेल्ट अंगठ्याने दाबला की साधारण १० मिलिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर लोडवर घसरतो. दुसरी गोष्ट मॉडिफाय केलेल्या गाड्यांमध्ये फार दिसते. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्यातून मिळतो. मीटर बदलताना तिथे एलईडी लावला, किंवा तो बल्बच गेला, की अल्टरनेटर आयडलवर जागाच होत नाही, रेस दिल्यावर कधी तरी चार्ज करू लागतो. चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागत नसेल तर अल्टरनेटर खोलू नका, आधी तो दिवा आणि त्याची वायर पाहा.

भरून घेण्यात मूळ ब्रॅकेट, पुली, बेल्टची रेष सगळं जागच्या जागी राहतं. पण कार्बन ब्रश, बेअरिंग, डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा) यांचं काय केलं, ते एकेक विचारून घ्या. स्टेटर (अल्टरनेटरमधली न फिरणारी गुंडाळी) भरताना मूळ जाडीचीच तार आणि तेवढेच वेढे हवेत. पातळ तार भरली तर नुसता व्होल्टेज बरोबर दिसतो आणि लोड आला की मान टाकतो, म्हणून टेस्ट बेंचवर अँपिअर दाखवायला सांगा. मल्टीमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त आला, तर डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. १५ व्होल्टच्या वर चार्जिंग जात असेल तर रेग्युलेटर, आणि ही दुरुस्ती लांबवू नका, बॅटरी उकळते.

एक विनंती. जुने मिस्त्री अल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात आणि डायनॅमोच्या काळातली एक परीक्षाही करतात: चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची, इंजिन चालतं का. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातो, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) जिप्सीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. कुणालाही हे करू देऊ नका.

मोठा अल्टरनेटर कधी? बेरीज करा. १०० वॅटचे दोन हाय बीम म्हणजे १५ अँपिअर, १२० वॅटचा लाइट बार ९, वायपर ४, ब्लोअर ८, इग्निशन आणि पंप १०, अँप्लिफायर १०. झाले ५६. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा चढ्या आरपीएमचा असतो, घाटात रांगेत उभं असताना त्याच्या निम्माच धरा. बेरीज त्या आकड्याला टेकत असेल तर मोठा घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुना माल मिळतो, पण पुली रेषेत बसते का, ब्रॅकेट घट्ट राहतं का आणि एकेरी बेल्ट पुरतो का, हे आधी पाहा. ९० अँपिअर म्हणजे बाहेर सव्वा किलोवॅट, आणि नुकसान धरून बेल्टवर दोन किलोवॅटच्या आसपास. जाड केबल आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर मोठा अल्टरनेटर आगीचा धोका घेऊन येतो.

विंचसाठी म्हणून मोठा घेत असाल तर थांबा. जोरात ओढताना विंच ३०० अँपिअरच्या पुढे जाते. तो करंट बॅटरी देते, अल्टरनेटर नंतर ती भरतो. तिथे चांगली बॅटरी आणि जाड केबल हवी. दुसऱ्या बॅटरीचंही तेच: ती साठवते, निर्माण काही करत नाही, त्यामुळे मूळ तूट असेल तर दोन्ही रिकाम्या होतात.

हेच प्रश्न बोलेरो किंवा सुमोसारख्या जुन्या डिझेल गाडीत असतील तर अल्टरनेटर बदलताना जास्त जपा. अशा बऱ्याच गाड्यांत त्याच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. पंप नसलेला अल्टरनेटर लावला तर ब्रेक दगडासारखा कडक होईल.

माझ्या जिप्सीत मूळ क्षमतेचाच अल्टरनेटर आहे. हेडलाइटचे १०० वॅटचे बल्ब काढून मी पुन्हा ६०/५५ चे लावले, रिलेवर. आंबा घाटात आता त्यांचाच उजेड जास्त पडतो.