हेवी रॉकची पहिली पायरी: ‘अ‍ॅपेटाइट’ की ‘हायब्रिड थिअरी’?

हेवी रॉक कुठून ऐकायला घेऊ, असं विचारलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक गन्स एन रोझेसचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ (१९८७), दुसरा लिंकिन पार्कचा ‘हायब्रिड थिअरी’ (२०००). दोन्ही त्या त्या बँडचे पहिलेच अल्बम, दोन्हींत बारा बारा गाणी आणि दोन्ही बँड लॉस एंजेलिसकडचे. पण कानावर येतात ते अगदी वेगवेगळ्या वाटांनी, आणि निवड करताना मला तरी तोच फरक महत्त्वाचा वाटतो.

‘अ‍ॅपेटाइट’ आला तेव्हा कुणी फारसं वळूनही पाहिलं नाही. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो शिरला १८२व्या क्रमांकावर. ‘वेलकम टू द जंगल’चा व्हिडिओ दाखवायला एमटीव्ही राजी नव्हतं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे मालक डेव्हिड गेफन यांनी शब्द टाकला, तेव्हा कुठे तो अगदी पहाटे, जग झोपेत असताना लागला. तरी जागी असलेली मंडळी फोन करून तो पुन्हा मागू लागली. पुढे ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ गाजलं आणि ऑगस्ट १९८८ मध्ये, म्हणजे बाजारात येऊन वर्ष उलटल्यावर, अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ८० लाख प्रतींची नोंद आहे.

ऐकतानाही तो असाच हळूहळू चढतो. पहिल्या फेरीत गायक अ‍ॅक्सल रोझचा चिरका आवाज आणि गिटारवादक स्लॅशचे सोलो तेवढे लक्षात राहतात. दुसऱ्यांदा हेडफोन लावून ऐका. एका कानात स्लॅश, दुसऱ्या कानात दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन, आणि दोघं एकच गोष्ट कधीच वाजवत नाहीत. इझी मोजकं, किंचित सैल वाजवतो. त्या सैलपणावरच स्लॅशला मोकळं सुटता येतं. खाली स्टीव्हन अ‍ॅडलरचे ड्रम झुलत असतात. ‘नाइटट्रेन’मधली काउबेल (गायीच्या घंटेसारखं वाद्य) एकदा कानात बसली की निघत नाही.

‘हायब्रिड थिअरी’ला असा धीर लागत नाही. गाणी छोटी, सगळा अल्बम जेमतेम ३८ मिनिटांचा (‘अ‍ॅपेटाइट’ ५४च्या आसपास). बऱ्याच गाण्यांत माइक शिनोडाचं रॅप, मग चेस्टर बेनिंग्टनचा गळा फाडून येणारा कोरस, मागे जो हानचे टर्नटेबल (डीजेची रेकॉर्ड फिरवायची तबकडी). ‘इन द एंड’ पियानोच्या चार सुरांवर सुरू होतं आणि हेवी मेटलच्या वाटेलाही न जाणारा माणूस ते गुणगुणायला लागतो. बऱ्याच कंपन्यांनी नाकारलेला हा बँड. पण अल्बम निघाल्यावर गाडी थांबली नाही. २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम हाच, आणि ‘क्रॉलिंग’ला ग्रॅमीही मिळालं. खोट एकच: साचा लवकर ओळखू येतो. आठव्या गाण्यापर्यंत पुढचा कोरस कुठे फुटणार हे कळायला लागतं.

घरात लहान मुलं ऐकणार असतील तर प्रश्नच मिटला. ‘हायब्रिड थिअरी’त राग भरपूर आहे, शिवी नाही. ‘अ‍ॅपेटाइट’मध्ये शिव्या, नशा आणि बायकांबद्दलची बेफिकिरी उघडउघड आहे, त्यातलं काही आज ऐकताना अंगावर येतं.

गिटार शिकत असाल तरी उत्तर ‘हायब्रिड थिअरी’च, निदान पहिले काही महिने. लिंकिन पार्कच्या रिफ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या सुरावटी) बहुतेक सगळ्यात जाड तार उतरवून, एका बोटाने पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचा साधा कॉर्ड) दाबून वाजतात. ‘स्वीट चाइल्ड’ची सुरुवात ऐकायला सोपी, पण पिकला (तारा छेडायच्या पत्तीला) तारांवरून सतत उड्या माराव्या लागतात, आणि सहाही तारा अर्धा सूर खाली लावल्याशिवाय रेकॉर्डिंगशी जुळतही नाही.

कधीच हेवी ऐकलं नसेल तर ‘हायब्रिड थिअरी’ घ्या, दारातच अडखळायला होणार नाही. जुनं रॉक किंवा ब्लूज थोडंफार कानावरून गेलं असेल तर सरळ ‘अ‍ॅपेटाइट’. माझ्याकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागतो तो हाच. फक्त दोन्हींच्या डेमो (कच्ची रेकॉर्डिंग) भरलेल्या, फुगवलेल्या आवृत्त्या आत्ता नकोत. मूळ बारा गाण्यांचीच घ्या, आणि ‘अ‍ॅपेटाइट’ घेतलात तर शेवटच्या ‘रॉकेट क्वीन’पर्यंत थांबा. अर्ध्यावर ते गाणं असं काही वळतं की क्षणभर दुसरंच गाणं लागलं असं वाटतं.