फाइलींची नावे दिसली, म्हणून पैसे दिले

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्याचा सगळा हिशोब मी घरच्या संगणकावर ठेवतो. व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, ठिबकच्या पावत्या, सातबाऱ्याचे उतारे आणि पीकविम्याची कागदपत्रे एकाच फोल्डरमध्ये होती. घरातल्या मुलांनी ते उघडू नये म्हणून त्याच्या प्रॉपर्टीजमधील ॲडव्हान्स्ड बटण दाबून मी फाइली एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे डिजिटल किल्लीने कुलूपबंद केल्या. किल्लीची प्रत काढून ठेवा, अशी सूचना विंडोजने तेव्हा दिली होती आणि ती मी न वाचताच बंद केली होती. या प्रकरणातील पहिली चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या मे महिन्यात संगणक फारच संथ झाला, तेव्हा गावातल्या एका मुलाकडून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून घेतले. फोल्डर डी ड्राइव्हवर असल्यामुळे त्याला धक्का लागणार नाही, अशी आम्हा दोघांची समजूत होती. ते जागेवर राहिलेही. पण कोणतीही फाइल उघडायला गेले की 'ॲक्सेस इज डिनाइड' एवढेच येई, आणि प्रत्येक फाइलच्या चिन्हावर बारीक कुलूप दिसे.

ओळखीतून जळगावच्या एका 'डेटा रिकव्हरी' करणाऱ्याचा नंबर मिळाला. "भाऊ, काळजी करू नका, दोन दिवसांत सगळं हातात देतो," असे म्हणून त्याने मशीन ठेवून घेतले आणि ४,५०० रुपये आगाऊ घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात माझ्या फाइलींची नावे, तारखा आणि आकार ओळीने दिसत होते. "बघा, सावद्याच्या पट्ट्याही आल्या. ऐंशी टक्के काम झालं, आता ६,००० पाठवा." मी पाठवले. तीच यादी मी घरी रोज पाहत होतो. फरक इतकाच की त्याचा फोटो डावीकडून कापलेला होता, म्हणून कुलपे दिसत नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, याची आजही लाज वाटते.

मशीन परत आले तेव्हा फाइली होत्या तशाच बंद होत्या. मी फोन केला, तर तो म्हणाला, "तुमच्या विंडोजची परमिशन आड येते." त्यानंतर त्याने फोन उचलणेच सोडले.

संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने सुट्टीत घरी आल्यावर सगळा उलगडा केला. या पद्धतीत फाइलीतील मजकूर तेवढा कुलूपबंद होतो. नाव, तारीख आणि आकार उघडेच राहतात. फोल्डरची मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली तर परवानगीची अडचण सुटते, परंतु एन्क्रिप्शन सुटत नाही. त्याची किल्ली विंडोजमधील माझ्या जुन्या खात्यात होती आणि ते खाते सी ड्राइव्हबरोबर पुसले गेले होते. फॉरमॅटनंतर लगेच कोणी त्या डिस्कला हात लावला नसता, तर किल्लीच्या जुन्या फाइली कदाचित शोधता आल्या असत्या. पण नव्या विंडोजने आणि त्या गृहस्थाने चढवलेल्या अनेक प्रोग्रॅमांनी ती जागा बहुधा भरून टाकली असावी, असे पुतण्याचे मत पडले.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार केली आहे. दोन्ही रकमा यूपीआयने दिल्यामुळे व्यवहार क्रमांक तरी हाताशी होते. अशा कामासाठी कोणाकडे जाल, तेव्हा यादी किंवा फोटो पाहून पैसे देऊ नका. तुम्ही निवडलेली एक फाइल समोर उघडून दाखवा, असे सांगा आणि आतले आकडे स्वतः वाचून पाहा. ज्यांनी आपले फोल्डर असेच एन्क्रिप्ट केले आहे, त्यांनी विंडोज पुन्हा टाकण्याआधी 'सर्टमगर' (certmgr.msc) हा विंडोजमधील डिजिटल प्रमाणपत्रे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून, पर्सनल विभागातील प्रमाणपत्र खासगी किल्लीसह पीएफएक्स (.pfx) फाइलमध्ये काढून घ्यावे. नव्या फोल्डरची तशी फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली असून तो पेनड्राइव्ह शेताच्या खरेदीखतांच्या पेटीत ठेवला आहे.